एकच बदक

धम्मानंदांनी व्हिडिओ गेमच्या कॅसेटच्या पितळी दातांवर फुंकर मारली, ती खोबणीत दाबून बसवली आणि डब्याचं लाल बटण पुढं सरकवलं. भिंतीवरचा टीव्ही जरा वेळ काळाच राहिला. मग एकदम निळं आकाश उमटलं, खाली हिरवं गवत, बाजूला एक झाड. गवताच्या कडेनं एक तपकिरी कुत्रं हुंगत हुंगत आलं, थबकलं, आणि टुणकन उडी मारून गवतापलीकडं दिसेनासं झालं.

“आलं! आबा, कुत्रं आलं!” अपेक्षा पलंगावरच उभी राहिली. “पप्पा सांगायचे तसंच आहे!”

“खाली बस वं. पंखा लागन डोक्याले.”

नात खाली बसली. वायरच्या टोकाला पडलेला गेमचा चपटा रिमोट तिनं ओढून मांडीवर घेतला आणि आजोबांच्या पाठीमागं, भिंतीला टेकून मांडी घातली. धम्मानंदांनी बंदूक उचलली. प्लास्टिकचीच, पण त्यांच्या मुलानं, सुशीलनं, ती मऊ फडक्यात गुंडाळून, वर दोरी बांधून माळ्यावर ठेवली होती, आणि फडक्याखाली तिचा केशरी रंग अजून ताजा होता.

निळ्या आकाशात एकच बदक उडालं. धम्मानंदांनी नेम धरला आणि चाप ओढला. खट्. बदक उडतच राहिलं. पुन्हा खट्. तिसरी गोळीही गेली आणि बदक वरच्या कडेतून निघून गेलं. गवतामागून कुत्र्यानं डोकं वर काढलं, पंजा तोंडावर धरला आणि खांदे हलवत हसायला लागलं.

अपेक्षा हसली नाही.

“अजून एकदा, आबा.”

पुढचं बदक तर आपणहून खाली आलं. गवताच्या जरा वर, बंदुकीच्या अगदी समोर ते घिरट्या घालत राहिलं. धम्मानंदांनी श्वास रोखला. तीन गोळ्या, तिन्ही वाया. कुत्रं पुन्हा हसलं.

“एवढं जवळ आलं होतं,” अपेक्षा हळूच म्हणाली, जणू स्वतःशीच.

“हात राहिला नाही आता.” धम्मानंदांनी बंदूक मांडीवर ठेवली. “वय झालं, बाई.”

अपेक्षा बंदुकीकडं पाहत राहिली. आबांच्या नेमबाजीची गोष्ट तिनं बापाच्या तोंडून कितीदा तरी ऐकली होती. जेवताना, गाडीवर मागं बसून, आणि शेवटी दवाखान्यातसुद्धा. इंदोरा मोहल्ल्यातली सगळी पोरं एकीकडं आणि माझे बाबा एकीकडं. एकही बदक सुटत नव्हतं. सुशीलला जाऊन आता दोन उन्हाळे झाले होते. रविवारी त्यांची सून दीप्ती अपेक्षाला घेऊन नाशिकला निघणार होती. दीप्तीचं तिथल्या सौरवशी दुसरं लग्न लागलं होतं ते धम्मानंदांच्याच आग्रहानं. स्थळ त्यांनीच पाहिलं, विहारात पुढं होऊन तेच उभे राहिले. लोकांनी मोठं मन म्हणून नावाजलं. घरात आता दुसरं माणूस उरणार नाही, हा हिशेब त्यांनी कुणापुढं मांडला नाही. सुमती, त्यांची बायको, सुशीलच्या आधीच गेली होती.

परीक्षा संपेस्तोवर अपेक्षा आबांजवळ राहिली. जाण्याआधी काय पाहिजे, म्हणून त्यांनी विचारलं, तर तिनं फक्त एवढंच मागितलं होतं. पप्पांचा तो व्हिडिओ गेम माळ्यावरून काढा, आणि मला एकदा बदकं मारून दाखवा.

धम्मानंदांना आयुष्यात जमलेल्या गोष्टी फार नव्हत्या. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी जन्मभर पुस्तकं दिली आणि परत घेतली. बोलण्यापेक्षा वाचणं बरं वाटायचं. पण ही एक गोष्ट जमली होती. कशी जमली ते त्यांना स्वतःलाही कधी कळलं नव्हतं, तरी जमली होती. बापानं लेकीला सांगून ठेवलेली ती गोष्ट आता आपल्याच हातून खोटी ठरते की काय, या विचारानं त्यांना त्या दुपारी झोप लागली नाही.

संध्याकाळी शेजारचे ताराचंद पायरीवर येऊन बसले. गांधीबागेत कापडाच्या दुकानात उभं आयुष्य गेल्यामुळं त्यांना कुठलीही गोष्ट थान उलगडावं तशी उलगडायची सवय होती.

“का गा भाऊ, बंदूक चालवून राहिले म्हणे तुम्ही? सकाळपासून खटखट ऐकू येऊन राहिली. मी म्हटलं, ग्रंथपालानं शेवटी कोणाले तरी मारलं.”

“लागतच नाही ना एकही.”

“लागत नाही? तुमचा नेम चुकते?” ताराचंद खरोखरच चकित झाले. “अरे बाप्पा! आमचा प्रीतम तर आजही तुमचं नाव काढते. थांबा, लावतो त्याले फोन.”

प्रीतम सुशीलचा लहानपणचा जोडीदार. आता कळमेश्वरच्या कारखान्यात सुपरवायझर होता. फोनवर त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसला.

“काका, टीव्ही कोणता आहे? भिंतीवरचा पतला? मग जन्मात नाही लागणार. त्या बंदुकीले जुना डब्बा टीव्ही लागते, पिक्चर ट्यूबवाला. पतल्या टीव्हीवर नेम कितीही धरा, बंदुकीले काही दिसतच नाही. तुमचा हात खराब नाही झाला, काका. तुमच्यासारखा हात तर मी कोणाचाच नाही पाहिला.”

धम्मानंदांनी फोन परत दिला. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

“डब्बा टीव्ही आपल्या घरीच पडला आहे,” ताराचंद उठत म्हणाले. “वरच्या खोलीत. बायको त्याच्यावर पापड वाळवते. चालू आहे का नाही, भगवान जाणे.”

टीव्ही चालू होता. शनिवारी सकाळी दोघा म्हाताऱ्यांनी तो धापा टाकत जिन्यावरून उतरवला आणि धम्मानंदांच्या पुढल्या खोलीत स्टुलावर ठेवला. त्याच्या डोक्यावर मिठाचे आणि पापडखाराचे पांढरे डाग होते. वायरी जोडल्या, आधी पडदाभर मुंग्या आल्या, मग जरा फिकं पण तेच निळं आकाश आलं. ताराचंदांनी बंदुकीची नळी थेट काचेला टेकवली आणि चाप ओढला. बदक गटांगळ्या खात खाली पडलं. कुत्र्यानं ते मानेला धरून वर उचलून दाखवलं.

“बंदूक चांगली आहे गा!” ताराचंद खूश झाले. “आता तुम्ही जाणे न् तुमचं बदक.”

ते गेले. दीप्ती अपेक्षाला घेऊन सीताबर्डीवर चपला आणायला गेली होती. उन्हामुळं खिडकीचे पडदे ओढलेले, कूलर घरघरत होता. धम्मानंदांनी दार लोटून घेतलं. नातीसमोर बसण्याआधी हात जरा मोकळा करून घ्यावा, असा त्यांचा विचार होता. टीव्हीच्या पडद्यावर दोन खेळ होते, एका बदकाचा आणि दोन बदकांचा. त्यांनी नेहमीप्रमाणं एकाचा निवडला. बाबा, तुम्ही एकच घ्या, एकावर नजर ठरते, असं सुशील म्हणायचा. स्वतः खेळताना मात्र तो दोन घ्यायचा.

पलंगापासून दोन पावलं पुढं होऊन, सरळ उभं राहून त्यांनी नेम धरला.

बदक तिरपं उडालं, मध्येच वळलं, वर गेलं. खट्, खट्, खट्. कुत्रं हसलं.

दुसरं बदक त्याहून चपळ होतं. तिसरं झाडाआड वळलं. आता टीव्हीही बरोबर होता आणि बंदूकही. त्यांनी चष्मा पुसला, कोपर पोटाशी घट्ट धरलं, गोळी उशिरा सोडून पाहिली, लवकर सोडून पाहिली. पूर्वी बदकं अशी उडत नव्हती. पूर्वी ती समोर यायची. आल्यावर जरा थांबल्यासारखी व्हायची. कुत्रं उठत होतं, पंजा तोंडावर धरत होतं, हसत होतं.

रिकाम्या खोलीत ते हसणं फार मोठं वाटत होतं. असं हसणं त्यांनी एकदा ऐकलं होतं. जयंतीच्या कार्यक्रमात मोहल्ल्यातल्या लोकांनी त्यांना भाषण करायला लावलं होतं. एवढी पुस्तकं वाचता, सर, चार शब्द बोला. त्यांनी रात्री जागून आठ पानं लिहून काढली. माइकसमोर उभे राहिले आणि तोंडातून शब्दच फुटेना. मागून कुणीतरी ओरडलं, “सर, आवाज येऊन नाही राहिला!” आणि सगळा मांडव हसला. पहिल्या रांगेत, सतरंजीवर, दहा वर्षांचा सुशील बसला होता. तो हसला नव्हता. तो आळीपाळीनं हसणाऱ्यांकडं आणि बापाकडं पाहत होता.

त्याच उन्हाळ्यात सुमतीनं व्हिडिओ गेम आणला. पोरांनी घर भरून जायचं. एके दिवशी पोरांनीच आग्रह करून बंदूक धम्मानंदांच्या हाती दिली. सगळी बदकं सुटली, कुत्रं हसलं, कुत्र्याबरोबर सगळी पोरं हसली. ते बंदूक ठेवून आत पुस्तकाकडं गेले. दुसऱ्या दिवशी सुशील आतल्या खोलीत आला. “बाबा, आज मारून पाहा. मी तुमच्या मागं बसतो ना.” आणि त्या दिवशी एकही सुटलं नाही.

धम्मानंदांचे पाय भरून आले. पडद्यावर नवं बदक उडत होतं, पण त्यांनी बंदूक खाली केली आणि मागं सरकून पलंगावर बसले. बसता बसता मांडीखाली काहीतरी टोचलं. त्याच क्षणी बदकानं एकदम गिरकी घेतली आणि ते डाव्या कोपऱ्यात जाऊन आपटल्यासारखं धडपडू लागलं.

त्यांनी मांडी उचलली. खाली रिमोट होता.

बदक सुटून वर निघून गेलं. धम्मानंदांनी रिमोट हातात घेतला. पुढचं बदक उडालं तेव्हा बंदूक बाजूलाच होती. त्यांनी अंगठ्यानं बाणाचं बटण डावीकडं दाबलं. बदक डावीकडं गेलं. उजवीकडं दाबलं, उजवीकडं गेलं. मग त्यांनी खालचं बटण दाबलं. बदक हळूहळू खाली आलं, गवताच्या जरा वर, आणि तिथंच, बंदुकीसमोर यावं तसं घिरट्या घालत राहिलं.

त्यांनी दोन बदकांचा खेळ लावून पाहिला. तिथं रिमोटचं काही चालेना. पुन्हा एका बदकाचा लावला. चाललं.

कूलरमधलं पाणी संपून तो कोरडा फिरायला लागला होता. धम्मानंदांना ते ऐकू येत होतं, पण उठवत नव्हतं. मागं बसलेला पोरगा त्यांना कधी नीट दिसलाच नव्हता. त्यांची नजर सगळा वेळ पडद्यावर. पाठीला फक्त त्याचे गुडघे लागायचे. बदक पडलं की पोरं ओरडायची, आणि मागून सुशीलचा आवाज सगळ्यांत मोठा यायचा: “माझ्या बाबानं मारलं!” मग तो मोठा झाला, नोकरीला लागला, लग्न झालं, लेक झाली. बाबांना त्यानं कधी सांगितलं नाही. दवाखान्यात नळ्या लावलेल्या असताना तो लेकीला बदकांची गोष्ट सांगत होता, तेव्हा धम्मानंद उशाशीच होते. त्यांनी संकोचानं म्हटलं होतं, “जाऊ दे ना गा, काय तेच तेच.” सुशील त्यांच्याकडं पाहून हसला होता.

दार ढकलून अपेक्षा आत आली. नव्या चपला पायात, त्यांवरची किमतीची चिठ्ठी तशीच.

“आबा, जमला का डब्बा टीव्ही?”

“जमला.” त्यांनी रिमोट पलंगावर ठेवला, चष्मा काढून पुसला. “पण तूच मार आज. मी पाहतो.”

“नाही. तुम्हीच.”

“माझ्यानं होत नाही वं, पोरी. खरंच सांगतो. मले ते कधी...”

“होते,” अपेक्षा ठामपणं म्हणाली. चपला काढून ती पलंगावर चढली, त्यांच्या पाठीमागं गेली आणि भिंतीला टेकून बसली. रिमोट तिच्या मांडीवर गेला.

“मागं काहून बसली? इकडं ये, इथून चांगलं दिसते.”

“पप्पांनी सांगितलं आहे. आबा खेळतील तेव्हा मागं बसायचं.”

धम्मानंदांनी बंदूक उचलली.

“अजून काय सांगतलं पप्पानं?”

मागं रिमोटची वायर सरकली.

“ते सांगायचं नाही, असं सांगितलं आहे.”

धम्मानंदांनी मान वळवली नाही. पाठीला दोन लहान गुडघे लागले. पडद्यावर बदक उडालं, वर गेलं, आणि मग कुणीतरी हाक मारल्यासारखं वळून खाली आलं. समोर येऊन थांबलं. त्यांनी चाप ओढला.

“मारलं!” अपेक्षा किंचाळली. “मम्मी, आबांनी मारलं!”

दीप्ती पिशव्या घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली. दुसरं बदक आलं, तिसरं आलं. कधी थोडं इकडं, कधी थोडं तिकडं, फार सोपं वाटू नये इतपत. प्रत्येक वेळी गवतामागून कुत्रं निमूट उठत होतं आणि बदक उचलून दाखवत होतं. चष्म्याच्या काचा धुरकटल्यामुळं धम्मानंदांना शेवटी शेवटी बदक दिसतही नव्हतं. ते नुसते समोर बंदूक धरून चाप ओढत होते, आणि मागून “मारलं, मारलं” असा आवाज येत होता.

“मामाजी,” खेळ संपल्यावर दीप्ती सासऱ्यांना म्हणाली, “मला वाटायचं, हे आपले कौतुकानं सांगतात. खरंच एकही सुटलं नाही.”

“हाव,” धम्मानंद म्हणाले. “खरंच सांगत होता तो.”

रात्री सामान बांधताना त्यांनी बंदूक पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि डबा-कॅसेटसकट खोक्यात घालून अपेक्षाच्या बॅगेजवळ ठेवली. “घेऊन जा. तुझ्या बापाचं आहे.”

अपेक्षानं थोडा वेळ विचार केला. “नाशिकच्या घरी पतला टीव्ही आहे, आबा. मोठ्ठा. तिथं नाही चालणार.” खोकं तिनं दोन्ही हातांनी उचलून परत स्टुलाशी नेऊन ठेवलं. “इथंच राहू द्या. मी सुट्टीत आली की आपण खेळू.”

“हाव. तसंच करू.”

रविवारी गाडी वेळेवर सुटली. खिडकीतून अपेक्षाचा हात बराच लांबवर दिसला. धम्मानंद स्टेशनवरून ऑटोनं घरी आले तेव्हा ताराचंद पायरीवरच होते.

“टीव्ही नेऊ का आता?”

“राहू द्या ना. पापड वाळवाले पाहिजे का वहिनीले?”

“छे गा. त्याले आता खुर्ची लावली तिनं.” ताराचंदांनी सरकून वाट दिली.

धम्मानंदांनी आत येऊन पडदे ओढले. कूलरमध्ये पाणी भरलं. मग खोक्यातून डबा काढला, वायरी जोडल्या, कॅसेटवर फुंकर मारली आणि लाल बटण पुढं सरकवलं. बंदूक फडक्यातच राहिली. पलंगावर चढून ते मागं सरकले, भिंतीला पाठ टेकून त्यांनी मांडी घातली आणि रिमोट हातात घेतला. पुढं पलंगाची कड रिकामी होती.

कुत्रं हुंगत आलं, उडी मारून गवताआड गेलं. एक बदक उडालं. धम्मानंदांनी खालचं बटण दाबलं. बदक हळूहळू खाली आलं. त्यांनी ते जरा डावीकडं घेतलं, जरा उजवीकडं, पलंगाच्या कडेला कुणी बसलं असतं तर त्याला सोपं जाईल अशा जागी आणलं आणि जमेल तितका वेळ तिथंच धरून ठेवलं.

शेवटी वेळ संपला आणि बदक त्यांच्या अंगठ्याखालून सुटून वर निघून गेलं. गवतामागून कुत्र्यानं डोकं वर काढलं, पंजा तोंडावर धरला आणि हसायला लागलं.

धम्मानंदांनी त्याला हसू दिलं.